बॅटरीच्या उजेडानं सरकलेला कोंडा

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो, माझी कशी फजिती झाली ते!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरला एम.एस्सी. करत होतो, फिजिक्समध्ये. स्वतःला अर्धा शास्त्रज्ञच समजायचो. मामानं कोंढ्याला मुलगी पाहायला नेलं. मुलीचे वडील धानाचे व्यापारी. मिशा अशा, की समोरच्यानं घाबरून खरंच बोलावं!

मी मात्र तिथंही फेकलीच.

"काय शिकून राहिले, जी?" त्यांनी विचारलं.

परदेशात कुणीतरी लेझरच्या झोतानं पाण्यातले मणी ढकलले, असं मी नुकतंच एका मासिकात वाचलं होतं. मणी कसले, केसाच्या जाडीहून बारीक! पण एवढं सांगत कोण बसतो? ऐटीत म्हणालो, "आम्ही उजेडानं वस्तू ढकलतो."

"उजेडानं? मंग धानाचं पोतं ढकलते का?"

मी तोंड उघडायच्या आत मामा बोलला, "पोत्याचं काय घेऊन बसले! आमचा भाचा ट्रक ढकलते!"

झालं! दार लोटून अंधार केला. माझ्या हातात तीन सेलची बॅटरी आली.

"आधी बारीक वस्तू लागते," मी पुटपुटलो. लगेच ताटात चिमूटभर कोंडा हजर!

मनात म्हटलं, हलणार तर नाहीच. सेल उतरलेत म्हणू आणि सुटू. ताटावर वाकलो, उजेड पाडला... आणि कोंडा सरकला की हो!

"सरकला ना बाप्पा!" मुलीचे वडील ओरडले.

अहो, त्यांच्यापेक्षा मीच हादरलो! त्या परदेशी माणसाला लेझर लागला, अन् आपण साध्या बॅटरीनं केलं? छाती धडधडायला लागली. धाप लागली. आणखी जवळ वाकलो.

"आता जोर पाहा!" म्हणालो मात्र, अख्खा कोंडा उडाला तो थेट त्यांच्या मिशांत! शिंकांवर शिंका!

चहा घेऊन आलेली मुलगी आतल्या दारातच हसायला लागली. कप नुसते खुळखुळत होते.

"उजेड कायचा, बाबा! हे फुकून राहिले ना!"

मामा जमिनीकडे पाहू लागला. मला वाटलं, आता सोयरीक तर सोडाच, चहाही मिळत नाही.

वडिलांनी मिशा झटकल्या, डोळे पुसले, हसून लाल झालेल्या लेकीकडे एकदा पाहिलं आणि मामाला म्हणाले, "पक्की समजा सोयरीक. पोराच्या विद्येचं देव जाणे, पण तोंडात जोर भारी आहे! धान उफणतानी वारा पडला, का जावयाले उभं करू!"