आडूवरचा मावा

लग्न करून गुडगावला आले तेव्हा माझ्याकडे कीटकशास्त्रातली एम.एस्सी. होती आणि काम होतं पोळ्या लाटण्याचं. नवरा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. आमच्या गल्लीत अर्धे प्लॉट रिकामे, बाकी सगळं सिमेंट. हिरवं असं एकच, माझ्या स्वयंपाकघरासमोरचं आडूचं झाड. आडू म्हणजे पीच. हे झाड गेलं तर मीही बॅग भरून पुण्याला जाईन, असं मी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, आणि ते गमतीत नव्हतं.

वरच्या मजल्यावर घरमालक. शेत बिल्डरला विकून त्यांनी ही दुमजली कोठी बांधली होती आणि नवी कोरी पांढरी गाडी घेतली होती. ती आडूखाली उभी असे. फेब्रुवारीअखेर पालवी फुटली आणि तिच्यावर माव्याची कीड पडली. पानं मुडपली, गाडीवर चिकट थेंबांचा सडा. मालकांनी पंपाने औषध मारलं. मावा थोडा मेला, पण त्याला खाणारे लाल ढालकिडे, म्हणजे लेडीबग, सगळे मेले. मग उरलेल्या माव्याला रान मोकळं.

"होली के बाद आदमी बुलाया है, मैडम," मालक म्हणाले. "कटवा दूँगा."

माझं डोकंच फिरलं. "होली तक पेड़ मुझे दो. और पंप को हाथ नहीं लगाना."

"अच्छा जी, देख लो," ते हसले आणि तोवर गाडी वाचावी म्हणून वर ताडपत्री ताणून बसले.

माझं खरं भांडण मुंगळ्यांशी होतं. मावा पानातला रस पितो आणि जास्तीची साखर मागून थेंबाथेंबाने सोडतो. मुंगळे त्याला मिशांनी गोंजारून तो थेंब पितात आणि बदल्यात राखण करतात. ढालकिडा आला की चावून हाकलतात. गवळ्याने म्हशी राखाव्यात तसंच. आधी हा गवळी हटवायला हवा होता.

नवऱ्याकडून ग्रीस मागवलं. खोडाला कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर थापलं. दुसऱ्या दिवशी मुंगळे वर हजर! त्यानंतरही रोज. मालक बाल्कनीतून विचारायचे, "इलाज कहाँ तक पहुँचा?" मी दातओठ खात झाडाशी स्टूल टाकून बसले. पोळ्या करपल्या तरी उठले नाही. शेवटी रांग सापडली. ताडपत्रीची एक दोरी फाटकाला होती आणि दुसरी आडूच्या फांदीला, माझ्या पट्टीच्या वर. मुंगळे फाटकावरून निघून मालकांच्या ताडपत्रीवरून थेट झाडावर जात होते.

मी त्यांना खाली बोलावून रांग दाखवली. म्हटलं, दोरी सोडा.

"और गाड़ी खराब हुई तो?"

"तो मैं धोऊँगी."

दोरी सुटली. मी वस्तीबाहेरच्या सरसोंच्या शेतातून डबा भरून ढालकिडे आणि त्यांच्या काळ्या, काटेरी अळ्या आणून फांद्यांवर सोडल्या. आणि रोज सकाळी बादली घेऊन मालकांची गाडी धुतली. भाडेकरीण गाडी धुते म्हणून गल्ली बघायला उभी राहायची. म्हटलं, हसतील त्यांचे दात दिसतील. हात भरून यायचे, कधी संतापाने डोळे भरून यायचे, पण बादली खाली ठेवली नाही.

होळी झाली. ठरल्याप्रमाणे माणूस कुऱ्हाड घेऊन आला. जुनी पानं अजून मुडपलेलीच होती, शेंड्याची नवी मात्र सपाट, पोपटी. त्या दिवशी मी गाडी मुद्दाम धुतली नव्हती.

मालकांनी बॉनेटवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. अंगठ्यावर चोळून पाहिली, कोरडी होती. त्यांनी परत फिरवलं, टपावरून, काचेवरून. मग त्या माणसाकडे वळले.

"जा भाई. मैडम से पूछे बिना अब इसका पत्ता भी नहीं टूटेगा."

मी घरात आले, दार लावलं आणि पोटभर रडले.