घेणाऱ्याच्या डोळ्यांनी

स्वतःच्या घरी येतानाही तात्या आधी बेल वाजवायचे. काकींनी लंगडत येऊन दार उघडलं, तरी लगेच आत शिरायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून, हे घर पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी नजर फिरवायचे.

"बाय, घर घेनाऱ्याच्या डोल्यांनी बगायचा," मला सांगायचे.

सुकापूरच्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. काकींचे गुडघे पार गेलेले. भाजीसाठी त्या खिडकीतून दोरीने टोपली सोडायच्या. हे घर विकून विचुंब्याला तळमजल्यावर घर घ्यायचं, एवढाच बेत होता.

"मना अंगनात बसायचा हाय," काकी म्हणायच्या. "मंग तुमी काय पन रंगवा."

तात्यांचं डोकं मात्र मानायला हवं. पैसे उधळणाऱ्यांतले ते नव्हेत. आधी बाथरूमची गळती काढली, नळ बदलले, मग रंग. त्यांच्या मुलाने मॉड्युलर किचनचं टुमणं लावलं, तेव्हा म्हणाले, "नवा ओटा केला तरी घर घेनारा तो फोडनारच. त्याची हौस आपन कशाला पुरवायची?" पण सोसायटीने हात वर केल्यावर अख्खा जिना स्वतःच्या खर्चाने रंगवून घेतला. "मानूस वर चढतानाच भाव ठरवतो." फुकट रंगलेल्या जिन्यावर आम्ही सगळे खूश होतो आणि त्यांच्या पाठीमागे त्यांची थट्टाही करत होतो.

एकदा एका जोडप्याला घर मनापासून आवडलं. देत होते ते थोडं कमी, पण विचुंब्याच्या घराला पुरलं असतं. तात्यांनी नाही म्हटलं. मी वर जाऊन भांडले. "तात्या, काकींकडे तरी बघा!"

ते म्हणाले, "माज्या बापानं मिठागराची जमीन मातीमोल दिली, बाय. आज तिथं टॉवर उभं हायेत. मी पन तसाच फसू?"

माझा राग गेला नाही. काकी आत भिंतीला टेकून ऐकत होत्या.

त्यानंतर घर बघायला येणारे कमी होत गेले. टोपली सोडायला उभं राहणंही काकींना जमेना, तेव्हा त्यांची भाजी मी आणू लागले. मग त्यांच्या छातीत कफ भरला. डॉक्टर घरी येऊन गेले. दवाखान्यात हलवायचं तर चार माणसं हवीत, सकाळी नेऊ, असं ठरलं. सकाळपर्यंत त्या राहिल्या नाहीत.

तिरडी जिन्यातून उतरत होती. माझ्या दारासमोरच्या वळणावर ती फिरेना. बांबू भिंतीला घासला आणि रंगाचा मोठा पोपडा खाली पडला. खांदेकरी जागीच थांबले. सगळ्यांनी नकळत मागे, तात्यांकडे पाहिलं.

"लागू दे रे," तात्या म्हणाले. "तिला खाली न्या."