डेकवरचं गाऱ्हाणं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवाला तर नाहीच — तो या प्रकरणात साक्षीदार आहे, त्याच्यापुढे तोंड वर करून काय बोलणार? तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही.

मी पेडण्याचा. मालवाहू जहाजांवर अठरा वर्षं कुजनेर होतो, म्हणजे आचारी. आमच्याकडे तारवटी, म्हणजे जहाजावरचा माणूस, सुट्टीवर आला की लोकांना वाटतं, हा जग बघून आला. कसलं जग? मी बघितले ते कांदे. आणि कांदे कापताना गोल खिडकीतून दिसायचं ते पाणी.

ती फेरी मात्र वेगळी होती. साथीचं वर्ष. बंदरं बंद, जहाज नांगरून उभं, आणि नऊ महिन्यांचा करार चौदाव्या महिन्यात गेलेला. किनारा समोर दिसायचा — दुर्बिणीतून लोकांच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसायचे. पण उतरायची परवानगी कोणालाच नाही. काम मात्र थांबलं नव्हतं. गंज खरवडा, रंग मारा, पुन्हा गंज खरवडा. विश्रांतीच्या तासांची एक वही होती, तिच्यावर महिनाअखेरीला सगळे एकदम सह्या ठोकायचे. त्या वहीप्रमाणे आम्ही रोज दहा तास झोपत होतो. असं कुंभकर्णांचं जहाज दुसरं नसेल.

कंपनीला आमच्या मनाची काळजी होती, नाही असं नाही. एक सूचनापत्रक आलं — रोज थोडा वेळ हिरवळीवर चाला. आमचा कप्तान परदेशी, पण सज्जन माणूस. तो म्हणाला, डेकचा रंग हिरवा आहे, त्यावर चाला. आम्ही चाललो.

आता रघूचं सांगायला हवं. टाळत होतो, पण त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

रघू आमचा फिटर, डिचोलीजवळच्या सर्वणचा. पाइप जोडणं, वेल्डिंग, सगळं त्याच्याकडे. तोंडाची टकळी अशी की वेल्डिंगचा मुखवटा चढवला तरी आतून बोलणं चालू. बाराव्या महिन्यात तो गप्प झाला. त्याची केबिन माझ्या शेजारी. सकाळी चहा घेऊन जायचो तेव्हा तो बॅग भरून, बूट घालून, बॅग मांडीवर घेऊन बसलेला असायचा. अर्ध्या तासाने बॅग रिकामी करायचा आणि कामाला जायचा. रोज. हे फक्त मला ठाऊक होतं. एकदा विचारलं, खंय चल्ला? म्हणाला, "आज सांखळची बस लेट आसा मरे." मी हसलो. तोही हसला, पण बूट काढले नाहीत.

मला कळत होतं ते काय आहे? कळत होतं. उगाच भोळेपणाचा आव कशाला आणू?

अशात आमच्या गावच्या जत्रेचा दिवस आला. मी कोठीतला नारळ घेतला, गोवा ज्या बाजूला असेल असं वाटलं तिकडे तोंड केलं आणि डेकवर गाऱ्हाणं घातलं. मोठ्याने, गावात घालतात तसं — हे देवा म्हाराजा, आज ही लेकरां पाण्यार अडकून पडली आसत, कंपनीक बरी बुद्धी दी, बंदरवाल्यांची आडकाठी दूर कर. रघू मागे उभा राहून "व्हय म्हाराजा" म्हणत होता. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज मोकळा झाला होता. दुसऱ्या ओळीला फिलिपिनो खलाशीही व्हय म्हाराजा म्हणायला लागले, आणि नारळ आम्ही नांगराच्या यंत्रावर फोडला.

कप्तान वरून बघत होता. त्याने मला बोलावून हळुवारपणे विचारलं, कोणाशी बोलत होतास? गावच्या राखणदाराशी, म्हटलं. तो इथे आहे? म्हटलं, आहेच की. कप्तानाने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दार उघडंच ठेवलं. मग म्हणाला, आजारपणाच्या कारणासाठी एका माणसाला उतरवायची परवानगी मिळण्यासारखी आहे. एकालाच.

तिथेच सांगायला हवं होतं की साहेब, आमच्याकडे शहाणी माणसंच गाऱ्हाणं घालतात. नाही सांगितलं. उलट दुसऱ्या दिवशी भाताच्या कुकरसमोर गाऱ्हाणं घातलं. तिसऱ्या दिवशी मासळीच्या फ्रीजरसमोर. चौथ्या दिवशी लाइफबोटीला हळद-कुंकू लावायला निघालो; कुंकू नव्हतं म्हणून टोमॅटो सॉस लावला. वर्षभरात एवढा उत्साह मला आला नव्हता, खरंच सांगतो. मजा येत होती.

मग कंपनीच्या डॉक्टरीणबाई व्हिडिओवर आल्या. माझी तपासणी झाली, मी छान नापास झालो. शेवटी त्यांनी विचारलं — तुमच्या शेजारच्या केबिनमधला फिटर फार वाळलाय असं कप्तान म्हणतात. तुम्ही त्याच्याच भागातले. तो कसा आहे?

जागा एक होती.

मी म्हटलं, तो? तो एकदम मजेत आहे, बाई. डाएट करतोय.

हेच ते. एवढंच वाक्य. सांगायला किती वर्षं लागली बघा.

चार दिवसांनी लाँच आली. माझी बॅग रघूने शिडीपर्यंत आणून दिली. वरून हात हलवला आणि डेक खरवडायला गेला. तो घरी आला पाच महिन्यांनी. पुन्हा जहाजावर गेला नाही. बंद खोलीत बसू शकत नाही. आंघोळसुद्धा दार उघडं टाकून करतो, त्यामुळे घरातल्या बायका आधी हाक मारून मगच परसात येतात. सर्वणला लोक या गोष्टीवर हसतात. मीही हसलो आहे, त्यांच्यात उभा राहून.

एकदा त्याच्या घरी गेलो असताना वहिनी, म्हणजे रघूची बायको, सहज बोलून गेली. रघू मजेत आहे हे माझं बोलणं कप्तानाला पटलं नव्हतं. त्याने त्याच दिवशी रघूला बोलावून विचारलं होतं, तू उतरतोस का? आणि रघू म्हणाला, "ताका पयलीं धाडात. ताचें माझ्यापरस वायट आसा." त्याच्यापेक्षा माझं वाईट, म्हणे. फ्रीजरला कोणी गाऱ्हाणं घालत नाही, हे कप्तानाला नाही, पण सर्वणच्या माणसाला ठाऊक होतं; म्हणून त्याला मी खरंच बिघडलोय असं वाटलं. माझ्या नाटकाला जहाजावर एकच माणूस खराखुरा फसला, तो हा. मला लाज वाटली. वहिनीने वाढलेलं मात्र सगळं खाल्लं.

दर गणेशचतुर्थीला तो बस धरून माझ्याकडे येतो. आत येत नाही, बाल्कांवात, पुढच्या ओसरीवर बसतो. पहिला प्रश्न ठरलेला — "न्हीद पडटा मरे तुका आतां?" माझ्या झोपेची चौकशी. गेल्या चतुर्थीला मी म्हटलं, पडटा, पण गोळी घेवची पडटा. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मी गोळी घेत नाही. कधीच घेतलेली नाही.