भुशाचा पांढरा कोळसा

मिल बंद पडली तेव्हा बाबांची तीस वर्षं तिथल्या बॉयलरसमोर गेलेली होती. वर्षभर ते मिलच्या फाटकाशी जाऊन बसत. मग एका सकाळी छत्रीबागेतल्या आमच्या घरात चहा पिता पिता म्हणाले, "कारखाना काढतो."

सोयाबीन काढल्यावर उरणारा भुसा मशीनमध्ये दाबायचा, त्याच्या कांड्या करायच्या आणि कोळशाऐवजी कारखान्यांना विकायच्या. या कांड्यांना पांढरा कोळसा म्हणतात. "शेतकरी तर भुसा जाळूनच टाकतात. कच्चा माल फुकट! और क्या चाहिए?"

मी तेव्हा एका सल्लागाराकडे टायपिस्ट होते. बँकेला दाखवायचे प्रोजेक्ट रिपोर्ट आम्ही बनवायचो. त्या दिवसांत जो तो कारखाना काढायला निघाला होता, आणि आमच्या रिपोर्टात एकही कधी तोट्यात गेला नाही. साहेब आधी कर्ज किती हवं ते विचारत, मग नफा त्याला बेतत. बाबांनी नेमकं त्यांनाच गाठलं. आणि रिपोर्ट टाइप कोणी करायचा? मीच!

"बाबा, भुसा मिळणार महिनाभर. मशीन बाकीचं वर्ष काय खाणार?"

"साठवू."

"कुठे? भिजला तर? ठिणगी पडली तर?"

"तुला ना, प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते."

शेवटी मी हट्ट धरला की आधी एक ट्रक भरून आणा, मग बँकेत जा. हातोद गावच्या एका शेतकऱ्यानं बाबांना सांगितलं होतं, "ले जाव भिया, खेत साफ हो जाएगा." पण आम्ही खरोखरच ट्रक घेऊन पोचलो, तसा त्याचा सूर बदलला. शहरातला माणूस भाड्याचा ट्रक आणतो, म्हणजे यात काहीतरी असणार! भुशाला भाव लागला. बाबांनी मुकाट्यानं दिला, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

ट्रक इतका उंच भरला की वाटेतल्या विजेच्या तारांची मला धास्ती वाटत होती. ट्रक तोलायच्या तौलकाट्यावर मात्र वजन बाबांच्या अंदाजाच्या पावही भरलं नाही. त्यांनी ट्रक मागे घेऊन पुन्हा चढवायला लावला. मग काट्यावाल्यावर चिडले, "तुम्हारा काँटा गड़बड़ है."

"भूसेवाले सब यही बोलते हैं, बाबूजी," तो म्हणाला.

आता हा डोंगर न्यायचा कुठे? ड्रायव्हरच्या ओळखीची एक तेल गिरणी होती, तिथे बॉयलरमध्ये भुसा जाळत. तिथे गेलो, तर त्यांचा बॉयलर धुरानं कोंडलेला आणि माणसं बाहेर खोकत उभी. बाबांनी कोणाला विचारलंही नाही. बाह्या सरसावून आत शिरले, हवेचं झाकण उघडवलं, भुसा थोडा थोडा टाकायला लावला. आमचा भुसा तिथेच उतरला, दुपार टळली. मी उपाशीपोटी ट्रकमध्ये बसून चरफडत होते. बाहेर आले तेव्हा तोंड काळं, कपड्यांना भुसा चिकटलेला, आणि मॅनेजर मागे मागे, "बाबूजी, कल से आ जाइए."

ते खरोखरच दुसऱ्या दिवसापासून जायला लागले. रिपोर्ट अर्धवटच राहिला, आणि साहेबांची बोलणी मी खाल्ली.

त्या दिवाळीत मामा आले होते. कारखान्याचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. बाबा गंभीर होऊन म्हणाले, "अहो, भुशाला वजनच नसतं. सगळं भाड्यात जातं. महिनाभर मिळतो, पुढे काय? या आमच्या पोरीला कितीदा समजावलं."

मी त्यांच्या ताटात पोळी आपटली. त्यांनी ती शांतपणे आमटीत बुडवली आणि मामांना बॉयलरबद्दल सांगू लागले.