आत्तेसासूंचा करपा

खरं बोलणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण कुणी विचारायच्या आत खरं सांगून मोकळं होणारं माणूस मी आजवर एकच पाहिलं, आणि ते माझ्या वाट्याला आत्तेसासू म्हणून आलं. आमच्या लग्नात जो तो जोडा कसा शोभतो ते सांगत होता. बायकोच्या या आत्यांनी मात्र मला चष्म्यावरून नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "रक्त कमी आहे तुमच्यात. तपासून घ्या." मी हसण्यावारी नेलं. पुढे तपासलं तेव्हा ते खरोखरच कमी निघालं, ही गोष्ट मी अजून सासरी कुणाला कळू दिलेली नाही. मुलगी झाली तेव्हा सगळे तिला चंद्राचा तुकडा वगैरे म्हणत असताना आत्या दुपट्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "नाक बापावर गेलंय." मग माझ्या तोंडाकडे बघून धीर दिल्यासारखं म्हणाल्या, "होतं कधी कधी."

त्यांची नोकरी मुंबईच्या एका इस्पितळात, रक्त तपासायच्या खोलीत गेली. रिपोर्ट घ्यायला येणारे नातेवाईक खिडकीशी उभे राहून कागदाच्या आधी यांचा चेहरा वाचत. म्हणून यांनी चेहऱ्यावर काहीच दिसू न द्यायची सवय लावून घेतली, ती निवृत्त होऊन पनवेलला खांदा कॉलनीत राहायला आल्या तरी सुटली नाही. त्यांना विनोद सांगितला की आपल्यालाच काहीतरी गंभीर झालंय असं वाटायला लागतं. दुसरी सवय नमुना घेण्याची. दूध आलं की आधी वाटीत नमुना, आंबे आले की एक कापून नमुना. बाजारात भाजीवालीसमोर बसून पिशवीतली सुरी काढायच्या आणि तिचाच टोमॅटो उभा चिरून आत डोळे लावायच्या. एकदा ती वैतागली. "आजी, आदी इकत घ्या, मंग कापा. आमचं दुकान हाय, दवाखाना नाय." आत्यांनी तो चिरलेला टोमॅटो विकत घेतला आणि जाता जाता सांगितलं, "याच्या आत अळी आहे. उरलेले बघून घे." त्या बाईने उरलेले पाहिले की नाही ते ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून आम्ही दिसलो की ती टोपली मागे ओढते.

निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला काही तपासायला उरलं नाही, म्हणून त्या बागेकडे वळल्या असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, डोक्यावर गच्ची. गच्चीवर कुंड्या आल्या, कुंड्यांमागोमाग फोनवर बागवाल्यांचा ग्रुप आला. पनवेल आणि आसपासची गच्ची-गॅलरीत भाज्या लावणारी सगळी हौशी मंडळी त्यात. त्यांचं एक सामाईक दुःख होतं, ते म्हणजे टोमॅटोवरचा करपा. पाऊस लागला की पानांवर तपकिरी ठिपके उठायचे, ठिपक्यांचे चट्टे व्हायचे आणि बघता बघता झाड भाजून काढल्यासारखं व्हायचं. मग ग्रुपवर फोटो, हळहळ आणि फवारणीचे सल्ले यांचा नुसता पूर यायचा. एके दिवशी आत्यांनी लिहिलं, "रोज रडण्यापेक्षा एकदा तपासून बघू. प्रत्येकाने आपलं घरचं बी आणा."

परीक्षा त्यांनी अशी बसवली की बोर्डानेही शिकावं. सगळ्यांची बियाणी स्वतःकडे जमा करून घेतली. प्रत्येकाच्या बियाण्याला एक रंग दिला. लाल धागा, पिवळा धागा, हिरवा, जांभळा. कुठला धागा कुणाचा हे त्यांच्या एकट्यांच्या डोक्यात. मग प्रत्येकाला प्रत्येक रंगाची रोपं वाटली. कुंड्या उघड्यावर ठेवायच्या, वर काही झाकायचं नाही, कुठलंही औषध मारायचं नाही, घरगुतीसुद्धा नाही. ज्या रंगाचं झाड जास्तीत जास्त घरांत करप्याला पुरून उरेल, त्याचं बी पुढच्या वर्षीपासून सगळे लावतील. बाकीची ज्याची त्याला परत. "आपलं-परकं करायचं नाही," त्यांनी बजावलं, "रोपाला नाव नाही, रंग आहे."

या कामी त्यांचा सारथी मी. दर रविवारी "जावईबापू, गाडी काढा" असा फोन यायचा आणि मी स्कूटरवर त्यांना घरोघर फिरवायचो. जुलै निम्मा सरला तरी करपा येईना, तेव्हा जगातल्या सगळ्या बागवाल्यांना आनंद झाला असता. आत्या कासावीस झाल्या. "रोगच नसेल तर परीक्षा कसली?" म्हणून मला घेऊन थेट नेऱ्याच्या बाजूला एका शेतावर गेल्या आणि करपलेली पानं मागितली. शेतकरी आधी माझ्याकडे बघत राहिला. "लोक करप्याचं औषद मागाया येतात, आजी. तुमी करपाच न्यायला आलाव?" आत्या म्हणाल्या, "चांगला असेल तो द्या." ती रोगट पानं पिशवीत घालून मी स्कूटरला अडकवली आणि आम्ही ती घरोघर प्रसादासारखी वाटली. कुंड्यांच्या मधोमध टांगायची होती. त्यानंतर चार दिवसांत आत्यांचा फोन आला आणि मी त्यांचा आवाज इतका खुशीत कधी ऐकला नव्हता. "आला," त्या म्हणाल्या. बायकोला वाटलं, घरी कुणी पाहुणा आला.

आता चाचांबद्दल सांगायला हवं. चाचा जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यात राहायचे. उमेदीची वर्षं आखातात काढून परत आलेले, शांत, बोलायला अदबशीर, आणि ग्रुपमधले एकमेव गृहस्थ ज्यांना आत्या स्वतःहून चहा विचारत. जासईच्या पुढे त्यांची वाडी होती. चाचा परदेशात असताना ती त्यांच्या बायकोने सांभाळली आणि तिथे ती आपल्या आईकडून आलेला एक टोमॅटो लावत असे. पुढे वाडीच्या जागेवर कंटेनरचं आवार झालं, कुटुंब पनवेलला आलं, आणि बी औषधाच्या एका बाटलीत भरून सोबत आलं. बाई दोन-तीन वर्षांपूर्वी गेल्या. बी जमा करायच्या दिवशी चाचांनी ती बाटली आत्यांच्या हातात दिली. तळाशी थोडंसंच उरलं होतं. "बेगमचं आहे," ते म्हणाले. "मी एकटा किती वर्षं लावणार? वाकवत नाही आता. परीक्षेत उतरलं तर सगळ्यांच्या घरात जाईल. मग माझ्यानंतरही राहील, इन्शाल्ला." हे सगळ्यांसमोर बोलले. आणि त्यानंतर ग्रुपमधल्या प्रत्येकाला आपापल्या बियाण्यापेक्षा चाचांच्या बियाण्याची काळजी जास्त लागली.

धाग्यांमुळे कुणाचं कुठलं ते कळणार नाही असा आत्यांचा हिशेब होता. पण रोपं वीतभर झाली आणि गोम उघडी पडली. टोमॅटोचं पान कातरलेलं असतं हे आपण पाहतो. जांभळ्या धाग्याच्या रोपाचं पान मात्र रुंद, सरळ कडांचं, बटाट्याच्या पानासारखं. आणि चाचांनी तर पहिल्याच भेटीत सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं की बेगमच्या झाडाला पान बटाट्याचं आणि फळ टोमॅटोचं. म्हणजे जांभळा कोण हे आख्ख्या पनवेलला माहीत झालं आणि तोंडाने कुणीच काही बोललं नाही.

ऑगस्टमध्ये करप्याने सगळीकडे धुमाकूळ घातला. आत्यांच्या गच्चीवर जांभळ्याच्या खालच्या पानांवर ठिपके आले तेव्हा मी तिथेच होतो. त्या हात मागे बांधून कुंडीसमोर उभ्या होत्या. मी म्हटलं, "आत्या, एक पान खुडलं तर काय होतंय?" त्या म्हणाल्या, "पानच खुडायचं असतं तर मी परीक्षा कशाला घेतली असती?" पुढच्या रविवारी झाड कमरेपर्यंत काळं पडलं होतं, त्याच्या पुढच्या रविवारी गेलं. त्यांनी ते उपटलं आणि कितीतरी वेळ नळाखाली हात धूत राहिल्या. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. एका म्हाताऱ्या माणसाची इतकी साधी इच्छा आणि या बाईला नियमाचं पडलंय, असं मला वाटलं.

पण इतर घरांत चमत्कार चालला होता. ग्रुपमधल्या रोडपालीच्या वहिनींच्या गॅलरीत लाल गेला, पिवळा गेला, जांभळा ठणठणीत. सुकापूरला एक इंजिनीयर राहतात, त्यांच्याकडेही तेच. प्रत्येक घरी बटाट्याचं पान डौलात डोलत होतं आणि घरची मंडळी आमच्याकडे न बघता "चहा घेणार ना?" विचारत होती. आत्या प्रत्येक कुंडी बघायच्या, वाकून वास घ्यायच्या आणि काहीही न बोलता स्कूटरवर येऊन बसायच्या.

नवरात्र झाल्यावर निकालाला सगळे आत्यांच्या गच्चीवर जमले. एकेकाने आपल्याकडे काय टिकलं ते सांगितलं. हिरवाही बऱ्याच ठिकाणी होता, पण जिकडे तिकडे जांभळा, जांभळा, जांभळा. कुणीतरी चाचांचं अभिनंदनसुद्धा करून टाकलं. चाचा खुर्चीत बसून होते. त्यांची पाळी आली तेव्हा खाली बघत म्हणाले, "माझ्या अंगणात तर गेलं. पहिल्या झटक्यात गेलं." आत्या म्हणाल्या, "माझ्याकडेही गेलं."

मग त्यांनी कुणाला दरडावलं नाही, फक्त एकेकाकडे पाहिलं. पहिल्यांदा वहिनी फुटल्या. "मी फक्त ताक शिंपडत होते हो. ताक काही औषध नाही." इंजिनीयरांनी राख टाकली होती. एकाने दुकानातून तांब्याचं औषध आणून मारलं होतं, एकाने वर पत्रा धरला होता आणि आम्ही येणार कळलं की तो काढून पलंगाखाली सरकवत होता. प्रत्येकाला वाटलं, आपण एकट्यानेच केलंय. एका घराने काय बिघडतंय. वहिनी रडवेल्या झाल्या आणि रागावल्याही. "आत्या, चाचांसाठी केलं. पास झालं असतं तर कुणाचं काय गेलं असतं?"

"बी गेलं असतं," आत्या म्हणाल्या. "टिकतं म्हणून पुढच्या वर्षी तुम्ही सगळ्यांनी ते भरवशावर उघड्यावर लावलं असतं. एकाच पावसात सगळ्या घरांतून गेलं असतं. मग कुणाच्या बाटलीतून आणणार होतात?"

माझा तर राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी लाज आली. आत्या चाचांसमोर खुर्ची ओढून बसल्या. "चाचा, तुमच्या बियाण्याला करपा लागतो. टिकत नाही ते." आयुष्यभर खिडकीतून लोकांना सांगितलं असेल तसंच सांगितलं. चाचांनी मान हलवली. "बेगम पावसाळाभर त्याच्यावर चादर बांधायची. वारा सुटला की धावायची. मी सुट्टीवर आलो की हसायचो तिला. मला वाटायचं, तिची हौस आहे." आणि पुढे म्हणाले, "मग आता काढून टाका यादीतून."

"परीक्षेतून काढलं," आत्या म्हणाल्या. "लावायचं नाही असं कोण म्हणालं? नाजूक आहे, बघावं लागतं, एवढंच कळलं." आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "यंदा चोरून केलंत ते पुढच्या वर्षीपासून उघड करा. फळं कुणाकुणाकडे धरलीत? बी काढून इथे आणून द्या." पहिला नंबर इंजिनीयरांच्या हिरव्या धाग्याला गेला. करपा त्याच्या वाटेला जात नाही आणि खरं सांगायचं तर माणसानेही जाऊ नये, इतकी त्याची साल जाड आणि चव पांचट. पण तो सगळ्यांनी मुकाट्याने स्वीकारला.

चाचा गेल्या रमजानच्या अखेरीस गेले. यंदाच्या पावसाळ्यात मी आत्यांना पुन्हा घरोघर फिरवलं. प्रत्येक घरी बटाट्याच्या पानाचं एक झाड होतं आणि त्यावर कुठे प्लास्टिक, कुठे फाटकी छत्री, कुठे जुनी साडी. वहिनी रोज सकाळी पूजेच्या आधी त्याची पानं तपासतात. करपा तरीही येतोच. खुडावा लागतो, पुन्हा येतो, पुन्हा खुडावा लागतो. पण झाडं उभी राहिली. ते बघायला चाचा हवे होते, असं प्रत्येक घरी कुणी ना कुणी म्हणालंच.

दिवाळीच्या आधी चाचांची मुलगी मोहल्ल्यातलं घर आवरायला आली. ती आखातात असते. वडिलांच्या फोनमध्ये ग्रुप सापडला म्हणून तिने आत्यांना भेटायला बोलावलं. आत्यांनी तिच्यासाठी बी कागदाच्या पुडीत नेलं होतं. तिने पुडी उघडून पाहिली, बंद केली, आणि बराच वेळ दोन्ही हातांत धरून बसली. "अम्मीच्या हाताचं आता हेच उरलं," म्हणाली. "मी तिकडे लावेन, आत्या. येईल ना?"

"राहता कुठे तुम्ही?" आत्यांनी विचारलं.

"फ्लॅट आहे. खूप वर, बाविसाव्या मजल्यावर."

"बाल्कनी?"

"बाल्कनी नाही. मोठी खिडकी आहे, काचेची. पण ती उघडत नाही."

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. मी श्वास रोखून बसलो, कारण आता काय ऐकू येणार ते मला पाठ होतं आणि त्या पोरीचे डोळे भरलेले होते.

"येईल," आत्या म्हणाल्या. "न यायला काय झालं?"

परतताना उड्डाणपुलाखाली गाडी अडकली. मला राहवलं नाही. मी मान मागे वळवून विचारलं, "आत्या, बंद काचेमागे टोमॅटो येतो?"

मागून माझ्या खांद्यावर त्यांचा हात पडला.

"रस्त्याकडे बघा, जावईबापू," त्या म्हणाल्या.