गाळलेलं वाक्य

आजाऱ्याच्या खाटेशी बसण्याआधी फादर बोना मनगटावरचं घड्याळ काढून झग्याच्या खिशात टाकत. समोरच्याला घाई दिसू नये, एवढंच कारण. पूर्ण नाव बोनाव्हेंचर, गाव वसई. तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींचा पांढरा दोर, पायात साध्या चपला. स्वतःच्या मालकीचं काही ठेवायचं नाही, हा त्यांच्या पंथाचा नियम. ते घड्याळही मठाचं होतं. बडोद्यात त्यांनी सत्तावीस वर्षं काढली.

मी तेव्हा एका गुजराती दैनिकात बातम्या तपासायच्या टेबलावर होतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये मराठी मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, असे. तिची दोन ओळींची सूचना घेऊन ते स्वतः येत. "काय संपादक," म्हणत. मी संपादक नाही, हे त्यांना ठाऊक होतं. एकदा म्हणाले, "तुमच्या पेपरला दुसऱ्या दिवशी रद्दीत तरी भाव येतो. माझ्या प्रवचनाला तोही नाही."

मराठी मिस्सेला येणारी माणसं रेल्वेत, रिफायनरीत नोकरीला आलेली. काही वसईची, काही नगर-जालन्याकडची. सुरुवातीला चार-पाच बाकं भरत. मग लोक निवृत्त होऊन गावी गेले, काही वारले, मुलं इंग्रजी मिस्सेला जाऊ लागली. फादर घरोघरी फिरले. वाघोडियाच्या कारखान्यात कोणी मराठी ख्रिस्ती कामगार आहे असं कळलं, की एसटीने जाऊन त्याला गाठत. तो हो म्हणे आणि येत नसे. शेवटची तीन वर्षं एकट्या फिलोमिना मावशी येत. रेल्वेतल्या एका फिटरच्या विधवा. एका बाईसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं होतं.

"त्यांना गुजरातीत भाजी घेता येते," फादर म्हणाले. "पाप सांगता येत नाही."

मावशी वारल्या त्या महिन्यात ते कचेरीत आले नाहीत. मी फोन केला. "ती सूचना काढून टाका," म्हणाले आणि माझ्या बायकोच्या संधिवाताची चौकशी केली.

पुढच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. गुजराती, हिंदी, इंग्रजी कळत होतं, पण बोलता फक्त मराठी येत होतं, तेही तुटक. मठात मराठी कळणारं कोणी उरलं नव्हतं. मठाचे प्रमुख फादर किरण हे डभोईकडचे, पस्तिशीचे. एका दुपारी ते घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या आमच्या घरी आले. फादर बोना दोन दिवस एकच मागणं मागत होते. मरण्यापूर्वी त्यांना आपल्या पापांची कबुली द्यायची होती. ती ऐकून क्षमा देणारा धर्मगुरूच लागतो. मात्र भाषेची अडचण असेल तर चर्चच्या कायद्यात दुभाष्या चालतो, आणि तो ख्रिस्ती असलाच पाहिजे असं नाही. ऐकलेलं सगळं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि नंतर मरेपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही, एवढ्या अटी.

"काका, ना न पाडशो," ते म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.

खोलीत आम्ही तिघेच. फादर बोना बोलत, मी गुजरातीत सांगे, फादर किरण डोळे मिटून ऐकत. पाऊण तास असा गेला. काय बोललं गेलं ते इथे लिहिणार नाही. शेवटाकडे त्यांनी स्वतःविषयी एक वाक्य उच्चारलं. मला ते खरं वाटलं नाही. खात्री नसलेलं वाक्य गाळायचं, ही टेबलावरची सवय. मेंदूला इजा झालेला माणूस बोलतो आहे असं मी धरलं आणि पुढच्या वाक्यावर गेलो.

त्यांना गुजराती कळतं, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात राहिलं नाही. त्यांनी डावा हात माझ्या दंडावर ठेवला.

"कापू नका," म्हणाले.

काय म्हणतात, असं फादर किरणांनी विचारलं. गाळलेलं परत घालायचं, तर आधी गाळलं होतं हे सांगावं लागलं असतं. "थाकी गया छे," मी म्हणालो.

फादर बोनांनी मान हलवली. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण शब्द जुळला नाही. थकव्याचंच लक्षण समजून फादर किरणांनी हात उचलला आणि क्षमेची प्रार्थना म्हटली. ती संपेपर्यंत फादर बोना माझ्याकडे पाहत होते. नंतर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. दफनाच्या प्रार्थना गुजरातीत आणि इंग्रजीत झाल्या.

आठवड्याने मी मठात गेलो. त्या दिवशी एक वाक्य माझ्याकडून राहिलं, ते आता सांगतो, असं फादर किरणांना म्हटलं. त्यांनी हात पुढे करून मला थांबवलं. सांगणारा गेल्यावर ते ऐकायचा अधिकार त्यांना नव्हता आणि सांगायचा मला नव्हता. मग फादर बोनांना क्षमा मिळाली का, मी विचारलं. विधी पूर्ण झाला, चर्चच्या दृष्टीने मिळाली, असं ते म्हणाले. मी म्हटलं, चर्चचं नाही, त्यांचं विचारतो आहे. ते उठले आणि मला दारापर्यंत सोडायला आले.

ते वाक्य सहा शब्दांचं होतं. ते खरं होतं की नाही याची खात्री करायची, तर आधी ते कुणाला तरी सांगावं लागेल.