दहा लाख एकाचा भाग

गेवराईत युसूफ बागवानाचा राग आणि मोसंबी दोन्ही प्रसिद्ध. मोसंबी गोड असते, एवढाच फरक.

सगळा बाजार काट्यावर तोलतो, हा बहाद्दर अजून नगावर देतो. शेकडा मागितला की एकशे एक. वरचं एक राहू द्या म्हटलं, तरी अंगावर येतो. त्याची आठवीतली लेक मेहेक याच ढिगांवर मोजायला शिकली.

गेल्या आठवड्यात गणिताच्या बंकट सरांनी वर्गात सांगितलं, दहा लाख एक ही मूळ संख्या, तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. मेहेक उठून म्हणाली, जातो. कशानं ते सांगायच्या आत सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं. उद्धटपणाची माफी लिहून आण, नाहीतर जिल्ह्याच्या गणित स्पर्धेतून नाव गेलं समज. त्या स्पर्धेसाठी पोरगी वर्षभर झटत होती.

युसूफ भडकला तो पोरीवरच. "सरांच्या तोंडाला लागतीस? लिव्ह माफी! अन् ती संख्या मूळच हाय, माजीच चूक झाली, हे बी लिव्ह!" ती काहीतरी सांगू पाहत होती. ऐकतो कोण? लिहून घेतलं आणि खाली ठसठशीत सही ठोकली.

आज लग्नघरच्या मोसंब्या मोजताना तो आकडा पुन्हा डोक्यात घुसला. एकशे एकाचे दहा हजार ढीग म्हणजे दहा लाख दहा हजार. जास्त झाले. शंभर ढीग कमी केले, तर नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे. उरले किती? एकशे एक! म्हणजे आणखी एक ढीग, आणि फळ एकही शिल्लक नाही.

गाडा तसाच टाकून तो शाळेत घुसला. "एकशे एकाचे नऊ हजार नऊशे एक ढीग, झाले दहा लाख एक! भागाकार येत न्हाई अन् लेकरांना भाईर काढता?"

सरांनी मोबाईलवर एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक केलं आणि त्यांचा चेहरा पडला. "मी तेरापर्यंतच भागून पाहिलं होतं. चुकलं माझं. पण स्पर्धेसाठी काल दुसऱ्या मुलीचं नाव पाठवलं."

"कावून? माफी दिली न्हवं?"

"मी उद्धटपणाची मागितली होती. उत्तर चुकलं असं तुम्ही लिहवून घेतलंत. हेडमास्तर म्हणाले, आपल्या उत्तरावर ठाम न राहणारी पोरगी तिथं काय करणार?"

युसूफनं टेबलावर मूठ आपटली. शिवी ओठावर आली, पण कुणाला द्यायची ते कळेना. आवाज ऐकून मेहेक दारात आली होती. तो तिच्यावरच ओरडला, "तुला म्हाईत होतं, तर लिव्हलं कावून? सरांना एवढी भ्याली?"

"सरांना न्हाई अब्बा," ती म्हणाली. "तुमाला भ्याले."